आकारमान : बदलते

सोमवारी ग्वांगजू, बुधवारी जोंजू,
शुक्रवारी पहाटेची बस थेट देगूला.
तीन विद्यापीठं, तीन ओळखपत्रं,
फोटो तिन्हींवर एकच,
आठ वर्षांपूर्वीचा,
मी कॅमेऱ्याकडे बघून हसत असे तेव्हाचा.

विषयही एकच.
समकालीन आशियाई कला : प्रस्तावना.
आठ वर्षं मी प्रस्तावनाच करते आहे.
पुढचं प्रकरण कायम नोकरीवाल्यांकडे.

पोरं मला प्रोफेसर म्हणतात,
पगारपत्रक म्हणत नाही.
तासिकेवरच्या माणसाला खोली नसते.
माझं कपाट बसच्या पोटातली सुटकेस :
स्लाइड्स, जाड मोजे, मेजरटेप,
आणि पांढरे हातमोजे,
कारण शनिवार-रविवार मी संग्रहालयात
दुसऱ्यांची चित्रं सरळ टांगते
आणि त्यांच्या पाट्या लिहिते. ऐंशी शब्द.
एक्याऐंशीवा संचालक खोडतात,
बहुधा तोच,
ज्याच्यासाठी मी बाकीचे ऐंशी लिहिलेले असतात.

नवव्या आठवड्यात वेरा त्सोयने हात वर केला.
फरगान्याची मुलगी. आडनाव आमचं,
उच्चार तिकडचे.
"प्रोफेसर, तुमच्या नकाशात आशिया
चीनच्या भिंतीपाशी संपतो का?"
वर्ग हसला. मीही हसले,
आणि पंधरा आठवड्यांचा आराखडा
मागून पुढे, पुढून मागे चाळत राहिले.
तिचं गाव कुठल्याच पानावर नव्हतं,
तळटिपेतसुद्धा.

दहाव्या आठवड्यात ती बरणी घेऊन आली.
काडीसारखं चिरलेलं गाजर,
धने, लसूण, व्हिनेगर, वरून कडकडीत तेल.
"गाडीत भरून नेऊन सोडलं तिथे
आमच्या माणसांना कोबी मिळाला नाही,
मग हातांना जे येत होतं
ते त्यांनी गाजरावर केलं."
बस्स, एवढंच व्याख्यान.
पस्तीस पोरं चॉपस्टिक घेऊन रांगेत.
मागच्या बाकावर सदा झोपलेला गी-उक
दोनदा आला.

मी संग्रहालयात प्रस्ताव ठेवला.
अभिरक्षक बाई म्हणाल्या, मुंग्या. मग म्हणाल्या, विमा.
संचालक म्हणाले, हृद्य आहे हो,
पण यात कला कुठे?
मी पाटी लिहूनच नेली होती :

'गाजर, धने, व्हिनेगर, सक्तीचा प्रवास.
आकारमान : बदलते.
कलाकार : ज्यांना कोबी मिळाला नाही, ते.'

त्यांनी बोटं मोजत वाचली.
म्हणाले, शब्द कमी पडतात.
ऐंशी हवेत.

डिसेंबरात देगूला कायम जागा निघाली.
सात जणांची समिती, बारा मिनिटं.
तासिकेवरचा अनुभव अर्धा धरतात,
म्हणजे आठ वर्षांची मी
दाराच्या आत गेल्यावर चार वर्षांची.
"आशियाई कलेतली डॉक्टरेट
लंडनची असती तर..."
एक जण हळहळले, अगदी मनापासून.
शेवटचा प्रश्न :
तुमचं योगदान, एका वाक्यात?

ओठांवर आलं होतं, गाजर.
मी म्हणाले, "अभ्यासक्रमाची पुनर्रचना."
सातही जणांनी ते लिहून घेतलं.
एवढी शरम मला
पगार बुडाला तेव्हाही वाटली नव्हती.

परतीच्या बसमध्ये वास सुटला.
वेराने पुन्हा भरून दिलेली बरणी,
झाकण सैल, हातमोजे नारिंगी.
शेजारच्या बाईंनी हुंगलं.
"घरचं का?"

कुणाच्या घरचं,
हे सांगायला दोन तास होते.
मी सुरू केलं, प्रस्तावना न करता,
त्या रेल्वेपासून, त्या थंडीपासून.
त्यांनी दोन काड्या चाखल्या,
मीठ कमी आहे म्हणाल्या,
आणि दाम्यांगचे बांबू यायच्या आत झोपी गेल्या,
झाकण हातातच धरून.